कोकणातल्या घरात डिमेन्शियाची देखभाल: पंचेंद्रियांच्या वाटेने

गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी पाया पडून उठला की पहिला प्रश्न टाकतो, "ओळखलंस का मला?" डिमेन्शिया झालेल्या माणसाला विचारायचा याहून वाईट प्रश्न नसेल. मेंदूचा जो भाग सगळ्यात आधी झिजतो, नेमकं त्याचंच काम त्या प्रश्नात मागितलेलं असतं. नाव, नातं, कालची गोष्ट, आज वार कुठला, हे सगळं लवकर जातं. हाताला बसलेलं वळण, पाठ आरत्या, आवडीनावडी आणि कोण प्रेमाने बोलतंय याची जाण बरीच उशिरापर्यंत टिकते. देखभाल यातल्या टिकलेल्या बाजूने, म्हणजे स्पर्श, आवाज, वास, चव आणि नजर यांच्या वाटेने करायची असते.

या पद्धतीला जगभर वेगवेगळी नावं आहेत. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात 'स्नोझेलन' नावाच्या खोल्या आल्या. त्यांत मंद रंगीत दिवे, बुडबुड्यांच्या नळ्या, संगीत आणि मऊ स्पर्शाच्या वस्तू असत. अमेरिकेतल्या जॉइस सिमार्ड यांनी २००३ साली आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या लोकांसाठी 'नमस्ते केअर' सुरू केलं. त्यात शांत जागा, हाताला मालीश, ओळखीचे वास, संगीत आणि अधूनमधून घोटभर पेय यांचा रोजचा क्रम असतो. आपल्याला महागडी खोली नको. ओटी, पडवी, वाटीभर खोबरेल आणि अर्धा तास निवांत बसणारं एक माणूस एवढ्यावर बरंच भागतं. शेवटची गोष्ट मिळणं सगळ्यात अवघड, हे मान्य.

आधी कान, डोळे, दात, पोट

वास आणि गाणी नंतर. कानात मळ साचला असेल तर माणूस आहे त्यापेक्षा जास्त गोंधळलेला वाटतो. कान डॉक्टरांकडून तपासून घ्या, घरी काडी घालू नका. श्रवणयंत्र असेल तर पावसाळ्यात दमटपणाने ते बिघडतं. रात्री बॅटरीचं दार उघडून सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत ठेवा. पुडी मात्र त्यांच्या हाती लागू देऊ नका, खाऊची समजून तोंडात जाते. चष्म्याची काच रोज पुसा, मोतीबिंदू बघून घ्या. कवळी सैल झाली की हिरडीला घासते आणि घरच्यांना वाटतं, जेवायला नखरे करतात.

चिडचीड, रडणं, मारायला धावणं यामागे पुष्कळदा दुखणं असतं आणि ते सांगता येत नसतं. म्हणून दर वेळी याच क्रमाने तपासा: लघवी लागली आहे का, पोट साफ झालं का, तहान किंवा भूक, उकडतंय की गारठलंय, कुठे दुखतंय का. कपाळावर आठ्या, एक हात किंवा पाय जपणं, कूस बदलताना कण्हणं या खुणा. त्या दिसल्या तर मालीश बाजूला ठेवा आणि दुखण्याचं बघा.

आजाराचं निदानच अजून झालं नसेल तर ते आधी. थायरॉईडची कमतरता, बी-१२ची कमतरता आणि नैराश्य यांतही विसराळूपणा येतो आणि त्यांच्यावर उपचार आहेत. 'म्हातारचळ' म्हणून सोडून दिलं की हे तसंच राहून जातं.

एक पान लिहून काढा

वहीच्या एका पानावर माणसाची माहिती लिहा आणि पान स्वयंपाकघरात चिकटवा. घरी कोणत्या नावाने हाक मारत, हे सगळ्यात वर. लग्नात नाव बदललेल्या बायका आजार वाढल्यावर सासरच्या नावाला ओ देत नाहीत, माहेरच्या नावाला देतात. तेव्हा आत्याला किंवा मामाला विचारून ते नाव मिळवा. मग बोली. आयुष्यभर मालवणी बोललेल्या माणसाशी मुलगा मुंबईच्या मराठीत बोलायला लागला की तो परका वाटतो. "आये, मी तुझो धाकटो. तुका पेज हाडलंय, वायच खातंस?" हे जितकं पोचतं तितकं "आई, तू जेवणार आहेस का?" पोचत नाही. संगमेश्वरी, आगरी, कोकणी मुसलमानांची बोली, सगळ्यांचं तेच.

पानावर पुढे: उठायची आणि आंघोळीची वेळ, काम काय केलं (जाळी, शेती, शाळा, गिरणी), चहा कसा, देवधर्म कोणता, कशाची भीती. खाडीत नाव उलटून घरातलं कुणी गेलं असेल तर लाटांचा आवाज त्या माणसाला शांत करणार नाही. मोबाईलवरचे तयार 'रिलॅक्सिंग' आवाज आम्हाला याचमुळे आवडत नाहीत. वय वर्षं दहा ते तिशीपर्यंत जे ऐकलं, हुंगलं, हाताळलं त्याची नोंद जास्त करा. आठवणी त्या काळातल्या घट्ट असतात.

घरातला उजेड आणि जमीन

डिमेन्शियात नजर चांगली असली तरी रंगांतला फरक आणि खोली नीट कळत नाही. गडद पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, म्हणून माणूस दारात अडतो. चकचकीत लादीवर पडलेला उजेड पाण्यासारखा दिसतो. पायपुसणी उचला. उंबरठा आणि जांभ्याच्या पायऱ्यांच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळा पट्टा मारा. आरशातल्या म्हाताऱ्याला बघून "घरात कोण शिरलंय?" असं होत असेल तर आरशावर कापड टाका. संडासाचं दार भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचं असावं आणि दिवसा उघडं. जुन्या घरात संडास अंगणापलीकडे असेल तर रात्रीसाठी खाटेशेजारी कमोडची खुर्ची हवीच. पावसात शेवाळावरून घसरून खुबा मोडणं फार महागात पडतं.

विहिरीवर लोखंडी जाळी आणि कुलूप, हे आजच करा. फाटकाला घंटा बांधा. दाराची कडी नेहमीच्या जागेपेक्षा खूप वर किंवा खूप खाली बसवली की सहसा सापडत नाही, पण घरात एकटं सोडून बाहेरून कडी लावायची नाही. कपड्याच्या आतल्या बाजूला नाव आणि फोन नंबर शिवून टाका. रिक्षा स्टँडवर, एसटी थांब्यावर, दुकानात आधीच सांगून ठेवा, लाजण्यात वेळ घालवू नका. माणूस हरवलाच तर पहिल्यांदा विहीर, व्हाळ, साकव, खाडीचा धक्का बघा. मग जुन्या कामाची जागा आणि माहेरची वाट.

रोजचा अर्धा तास

सकाळी दहाच्या सुमारास किंवा दुपारी चारच्या आधी. जेवणानंतर लगेच नको. टीव्ही बंद, पंखा हळू, मोबाईल दुसऱ्या खोलीत. मुख्य नियम एकच: एका वेळी एकच इंद्रिय. गाणं लावलंय, अगरबत्ती पेटवलीय, पायाला तेल चोळताय आणि वर बडबडही चाललीय, असं झालं की थकलेल्या मेंदूत सगळं एकात एक मिसळतं. माणूस चिडतो आणि आपण म्हणतो, "इतकं करतोय तरी बघा."

१. लघवीला नेऊन आणा. खुर्ची हातांची असावी, पाय जमिनीला टेकलेले, पाठीला उशी. खांद्यावर जुन्या लुगड्याची वाकळ. नवी चादर नको, तिला घरचा वास नसतो.

२. समोरून या. मागून खांद्यावर हात ठेवला तर दचकतात. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसा, हाक मारा, आपण कोण ते स्वतःच सांगा. हात पुढे करून थांबा. उत्तराला वेळ लागतो, मनात दहापर्यंत मोजा. हात हातात आला तर पुढे जा. नाही आला तर अर्ध्या तासाने परत या.

३. कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने चेहरा पुसा. कपाळ, गाल, हनुवटी. प्रत्येक वेळी आधी सांगून. कुंकू लावायची सवय असेल तर कुंकवाचा करंडा त्यांच्या हातात द्या, बोट आपोआप कपाळाकडे जातं. पुरुषांची दाढी इथेच.

४. हाताला तेल. एका हाताला साधारण एक चहाचा चमचा खोबरेल पुरतं. वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, तेल थेट गॅसवर तापवू नका. आपल्या मनगटावर थेंब टाकून बघा. एका तळव्यावर त्यांचा हात पालथा ठेवा आणि दुसऱ्या तळव्याने मनगटाकडून बोटांकडे सावकाश फिरवा. मग हात उलटा करून तळव्यावर अंगठ्याने गोल. शेवटी एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत. हाताला पाच मिनिटं. दाब फुलक्यावर तूप लावतो तेवढाच. म्हातारपणी कातडी पातळ होते आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जोराने चोळल्यावर काळेनिळे डाग उठतात. मूठ घट्ट आवळलेली असेल तर बोटं ओढून उघडू नका. मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवलं की बोटं बहुधा सैल पडतात. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम किंवा दुखरी असेल तर तिला हात लावू नका, डॉक्टरांना दाखवा, आत रक्ताची गुठळी असू शकते. तळपायाला तेल लावलंच तर उठण्याआधी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. तेलकट पाय आणि लादी यांनी केलेले घोटाळे थोडेथोडके नाहीत.

५. एक वास. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, वासाची जाण लवकर कमी होते. म्हणून वास ठसठशीत आणि ओळखीचा हवा, आणि काही प्रतिक्रिया आली नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. माघ-फाल्गुनात सुरंगीचा वळेसर, पावसाळ्यात सोनचाफा, सुकलेली बकुळ, अढीतला आंबा, भाजलेला काजू, अत्तराचा फाया. कोळीवाड्यातल्या माणसाला सुक्या बोंबलाचा वास गुलाबापेक्षा जवळचा. अबोली रंगासाठी ठेवा, तिला वास नसतो. दमा असेल तर धूर करू नका. याच कारणाने, म्हणजे वास कळत नाही म्हणून, गॅसची गळती आणि आंबलेलं अन्नही त्यांच्या लक्षात येत नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर रात्री बंद करा.

६. एक आवाज, दहा मिनिटं, फार मोठा नाही. घरचं भजन, नमनातली गवळण, आरती, शाळेतली कविता, पहाटेची अजान, चर्चमधली गीतं, आकाशवाणी रत्नागिरी. दोन ओळी तुम्हीच म्हणा आणि तिसरीच्या आधी थांबा. जे बोलत नाहीत तेही कधी कधी पुढची ओळ म्हणतात.

७. पेय आणि निरोप. अर्धा कप काहीतरी प्यायला द्या. उठताना "मी आता चुलीकडे जाते, मग येते" असं सांगून हात सोडा.

खांदे सैल पडले, श्वास संथ झाला, बोटं उघडली म्हणजे जमलं. हात मागे घेतला, मूठ आवळली, डोळे गच्च मिटले, तोंड वळवलं म्हणजे नको आहे, तिथेच थांबा. सगळ्या पायऱ्या पुऱ्या करायची सक्ती कुणाचीच नाही. काय केलं आणि काय झालं याची वहीत एक ओळ लिहा. पंधरा दिवसांत कोणती गोष्ट लागू पडते ते त्या ओळींतून दिसतं.

हातांना काम

रिकामे हात पदराचे धागे ओढत बसतात किंवा दार खडखडवतात. कापसाच्या वाती वळणं हे काम आम्ही पहिल्या क्रमांकावर ठेवू: मऊ, सुरक्षित, चुकलं तरी कुणाला कळत नाही. रोवळीतले तांदूळ निवडणं, लसूण सोलणं, घड्या घालणं, भिजवलेल्या झावळीचं झाप विणणं, रापणीवर गेलेल्या माणसाला जाळ्याचा तुकडा आणि जाड दोरी. जमत नसेल तर आपला हात खाली आणि त्यांचा हात वर ठेवून हालचाल सुरू करून द्या, दोन-चार वेळा झाली की पुढची त्यांची ते करतात. निवडलेले तांदूळ त्यांच्यासमोर परत निवडायला घेऊ नका.

काय देऊ नये, हे नीट वाचा. कच्ची काजूबी नको, तिच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. गुंजा विषारी. कण्हेर आणि धोतऱ्याची फुलं परडीत घालू नका. कापराच्या वड्या खडीसाखरेसारख्या दिसतात आणि पोटात गेल्या तर झटके येऊ शकतात. डांबरगोळ्यांचंही तसंच, त्या ट्रंकेतून काढून टाका. सागरगोट्यांचा खेळ लहानपणीचा म्हणून मोह होतो, पण वस्तू तोंडात घालायची सवय लागली असेल तर घशात अडकेल असं काहीच नको.

जेवण

पांढरी प्लेट, पांढरा भात, पांढरं दही: त्यांना काही दिसतच नाही. केळीचं पान यावर उत्तम, हिरव्यावर पांढरा भात उठून दिसतो. पान नसेल तर गडद एकरंगी ताटली. स्टीलचं ताट चमकतं. एका वेळी एकच पदार्थ वाढा.

ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली. चहाच्या चमच्याएवढा घास, गिळल्यावर पुढचा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पेजेबद्दल एक गैरसमज आहे. ती पातळ म्हणून सोपी वाटते, पण पाणी आणि शितं एकत्र असलेला घास गिळायला अवघड. पाणी आधी घशात उतरतं, शितं तोंडात राहतात आणि ठसका लागतो. पेज घोटून किंवा मिक्सरमधून काढून एकजीव करा, चमचा तिरका केला की सावकाश गळेल इतकी दाट. मासा सुरमई किंवा पापलेट, काटा काढून, बोटांनी चाचपून. पेडवे, तारली नकोत. आमटीतली तिरफळं आणि आमसुलं वाढण्याआधी काढा. हापूसचा रस चालतो. रायवळ असेल तर धागे गाळून घ्या.

तहान सांगता येत नाही, म्हणून जागेपणी दर तासा-दीड तासाने अर्धा कप. दिवसाला साधारण दीड लिटर, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. कोकम सरबत, सोलकढी, ताक, नारळपाणी आलटून पालटून. मूत्रपिंडाच्या रुग्णाला नारळपाणी विचारल्याशिवाय देऊ नका. सोलकढीचा रंग पांढऱ्या कपात छान दिसतो आणि हात आपणहून पुढे येतो. जेवताना वारंवार खोकला, आवाज घोगरा, वरचेवर ताप असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता आहे. गिळण्याची तपासणी करून घ्या.

आंघोळ

रोज हवीच असं नाही, आठवड्यातून दोन-तीनदा पुरते, बाकी दिवस अंग पुसा. न्हाणीघरात उजेड करा, पाटाऐवजी रबरी बुंध्याचं स्टूल ठेवा. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, आणि कोपराने तपासा, ३७-३८ अंशांपुरतं. पाणी डोक्यावरून घेतलं की जीव घाबरतो. पायापासून सुरुवात करून वर या, डोकं सगळ्यात शेवटी किंवा वेगळ्या दिवशी. खांद्यावर पंचा राहू द्या, भिजला तरी चालेल. उघडं पडल्याची लाज आजारात जात नाही. तांब्या त्यांच्याच हातात द्या. नंतर बोटांच्या बेचक्या, काखा, स्तनांखालचा भाग आणि जांघा टिपून कोरड्या करा. कोकणच्या दमट हवेत तिथे नायटा लवकर धरतो.

तिन्हीसांजा आणि पाहुणे

दिवेलागणीला अस्वस्थता वाढते. अंधार पडण्याआधी अर्धा तास सगळे दिवे लावा. पावसाळ्यात वीज जाणारच, तेव्हा चार्जिंगचा दिवा हाताशी असू द्या. "मला घरी जायचंय" असं स्वतःच्याच घरात म्हणतात तेव्हा "हेच तुझं घर" हा वाद घालू नका. त्या वेळेला त्यांनी जन्मभर काय केलं ते आठवा: गुरं बांधली, कोंबड्या डालल्या, तुळशीपाशी दिवा लावला. "चल, कोंबड्या आल्या का बघूया" म्हणून अंगणातून एक फेरी मारा आणि पडवीतून आत या.

सणाला घर भरतं. एक खोली शांत ठेवा, तिथे एका वेळी दोघांनीच जायचं, फटाके आणि ढोल मागच्या बाजूला. आलेल्याने स्वतःच सांगावं, "मी अमकी, तुझ्या थोरल्याची मुलगी", आणि सोबत हाताला लागेल असं काही आणावं. वर्षातून एकदा येऊन औषधं कशी द्यावीत ते शिकवणाऱ्यांना एक काम द्या: चार दिवस रात्रपाळी. देखभाल करणारी सून तेवढी झोपेल.

कधी थांबायचं आणि कुणाला फोन करायचा

काल बरा असलेला माणूस आज एकदम भ्रमात गेला, ओळख पूर्ण सुटली, सारखी झोप येतेय किंवा नसलेलं दिसतंय, तर ते डिमेन्शिया 'वाढणं' समजून बसू नका. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, लघवी तुंबणं, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, नवीन गोळी यांतून असं तासा-दिवसांत होतं आणि उपचाराने उतरू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, पडल्यावर उभं न राहता येणं यांसाठी थेट १०८. शांत करायच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. अशा काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, ती मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि थोड्या काळासाठीच. ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ चालते, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन 'टेलि-मानस' १४४१६ चोवीस तास. दुसरा नंबर देखभाल करणाऱ्यांसाठीही आहे.